पाच हौशी साइट, एक खिसा : स्वस्तातलं होस्टिंग कुठलं घ्यावं?

शेवपोहे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इंदुरातून लिहितोय. माझ्या नावावर पाच साइट आहेत, सगळ्या हौसेच्या. एकीतूनही दमडी येत नाही, येण्याची अपेक्षाही नाही.

पहिली माझा मराठी ब्लॉग. दुसरीवर अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आणि रंगपंचमीच्या गेरचे (रंगांच्या मिरवणुकीचे) फोटो. कापडाच्या गिरण्या केव्हाच बंद पडल्या तरी त्यांच्या नावाच्या झांक्या निघतात, त्याचे जुने-नवे मिळून साडेतीन हजारांच्या आसपास फोटो आहेत. तिसरीवर होळकर संघाचे रणजी सामन्यांचे धावफलक, वडिलांच्या वहीतून उतरवलेले. चौथी आमचा कुलवृत्तांत. पाचवी बायकोच्या पेटीच्या वर्गांची, तिच्यावर प्रवेशाचा फॉर्म आहे.

सगळ्या वर्डप्रेसवर, एकाच सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं ब्राउझरमधलं पॅनेल) खात्यात. कंपनीचं नाव घेत नाही. घेताना दर महिन्याला १४९ रुपये होता, आता नूतनीकरणाच्या बिलात तो ४४९ झालाय आणि वर जीएसटी. फोन केला तर म्हणाले, सर, तो ‘वेलकम ऑफर’ होता.

दुसरीकडे बघायला लागलो तर डोकं गरगरलं. एकजण शंभर साइट देतो, दुसरा ‘अमर्याद’, तिसरा दहाच पण ‘एनव्हीएमई’ म्हणजे वेगवान डिस्कवर. मला पाचच ठेवायच्यात. वर्षाला सहा-साडेसहा हजारांच्या वर जायचं नाही, डोमेनचा खर्च वेगळा. अनुभवी लोकांनी सांगा.

---

रामबाग

जेल रोडवर एकजण आहे, हजार रुपयांत वर्षभर देतो. आमच्या गणेश मंडळाची साइट त्याच्याकडेच आहे. फोन उचलतो, हे महत्त्वाचं.

---

टर्मिनल_ताई

फोन उचलणारा माणूस ही मोठी सोय आहे, थट्टा करत नाही. पण तो स्वतः कुणाचा तरी रिसेलर (दुसऱ्याचं होस्टिंग घेऊन पुढे विकणारा) असणार. सीपॅनेलने २०१९ मध्ये परवान्याचा दर सर्व्हरऐवजी खात्यांच्या संख्येवर लावला, तेव्हापासून हजार रुपयांत प्रामाणिकपणे सीपॅनेल देणं अवघड झालंय. तो डायरेक्टॲडमिन हे दुसरं पॅनेल देत असेल तर ठीक, ते वाईट नाही. त्याला दोनच गोष्टी विचारा. डोमेन कुणाच्या नावावर आहे, आणि बॅकअप तुमच्या हातात मिळतो का? मंडळाचं डोमेन त्याच्या खात्यात, त्याच्या ईमेलवर नोंदलेलं असेल तर उद्या त्याने दुकान बदललं की साइट राहू द्या, नावही हातचं जाईल.

शेवपोहे, तुमच्यासाठी सविस्तर लिहिते. जेवून येते.

---

फुकट्या_नं_१

होस्टिंगला पैसे कशाला? पाचही साइट गिटहब पेजेसवर टाका, तिथे तयार पानं फुकट ठेवता येतात, खर्च शून्य. धागा बंद.

---

शेवपोहे

@फुकट्या, भिया, ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया आणि पेटीच्या वर्गाचा फॉर्म गिटहबवर कसा चालणार?

---

फुकट्या_नं_१

बरं, मग तीन साइट.

---

टर्मिनल_ताई

आले. फुकट्यांचं म्हणणं अर्ध्याहून जास्त बरोबर आहे, पण त्याकडे नंतर येऊ. आधी ‘शंभर साइट’ आणि ‘अमर्याद’ या आकड्यांचं बघू, कारण सगळे तिथेच घसरतात. मी सुपर कॉरिडॉरवर ज्या कंपनीत आहे तिथे होस्टिंग विकत नाहीत, त्यामुळे माझा कुणाशी लागाबांधा नाही.

किती साइट चालतील हे ‘साइट’च्या आकड्यावर ठरतच नाही. ते ठरतं आयनोडवर आणि प्रोसेसवर.

आयनोड म्हणजे ढोबळमानाने फाइल आणि फोल्डर यांची एकूण संख्या. जागा ‘अमर्याद’ असली तरी आयनोडना मर्यादा असते, आणि ती जाहिरातीत नसते, वापराच्या अटींच्या पानावर कुठेतरी आत असते. नुसतं कोरं वर्डप्रेस टाकलं तरी तीन हजारांच्या वर फाइली येतात. पाच साइट म्हणजे पंधरा हजार, अजून थीम नाही, प्लगइन नाही.

आता तुमच्या झांक्या. कॅमेऱ्यातला मोठा फोटो वर्डप्रेसला दिला की तो एकटा राहत नाही. मूळ फाइल, २५६० पिक्सेलची छोटी केलेली प्रत, मग १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ अशा आकारांच्या प्रती. एका फोटोच्या आठ फाइली. साडेतीन हजार फोटो म्हणजे अठ्ठावीस हजार. थीमने स्वतःचे तीन आकार आणखी मागितले तर साडेअडतीस हजार. वर कॅशचं प्लगइन आपल्या फाइली पाडत असतं ते वेगळंच. स्वस्त प्लॅनमध्ये लाखाच्या आत-बाहेर मर्यादा असते, आणि तिच्या जवळ गेलात की बऱ्याच कंपन्या आधी तुमचा रोजचा बॅकअप गुपचूप बंद करतात. अटींत लिहिलेलं असतं, वाचत कोण?

दुसरं प्रोसेसचं. शेअर्ड होस्टिंगवर बहुतेक ठिकाणी क्लाउडलिनक्स असतं. ते प्रत्येक खात्याभोवती कुंपण घालतं : इतका सीपीयू, इतकी मेमरी, एका वेळी इतक्या ‘एंट्री प्रोसेस’ (एकाच क्षणी चालू असलेल्या पानांच्या मागण्या). कुंपण खात्याभोवती असतं, साइटभोवती नाही. म्हणून अनंत चतुर्दशीच्या रात्री सगळं गाव झांक्यांचे फोटो बघायला आलं की पेटीच्या वर्गाची साइटही ‘५०८ रिसोर्स लिमिट’ दाखवायला लागते. दोघींचा काही संबंध नाही, पण खातं एकच.

तेव्हा प्लॅन बघताना साइटचा आकडा सोडून द्या. चॅटवर सरळ विचारा : आयनोड किती, एंट्री प्रोसेस किती, मेमरी किती, नूतनीकरणाचा दर किती, सर्व्हर मुंबईत आहे का. पाचही उत्तरं लेखी मागा. टाळाटाळ केली तर पुढे चला.

---

कुतूहल

वाचनखूण साठवली.

---

मांडवीचा_बडोदेकर

ताईंना अनुमोदन. नूतनीकरणाच्या दराचा हिशेब मी मांडून दाखवतो, शेवपोहेंचेच आकडे घेऊन.

१४९ चा दर मिळवायला सहसा ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरावे लागतात. १४९ गुणिले ४८ म्हणजे ७१५२, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८४३९ रुपये. वर्षाला पडले २११० च्या आसपास. स्वस्तच म्हणायचं. पाचव्या वर्षी ४४९ गुणिले १२ म्हणजे ५३८८, जीएसटी धरून ६३५८. म्हणजे एका वर्षाला आधीच्या तीन वर्षांचे पैसे.

यावर लोक म्हणतात, दर चार वर्षांनी कंपनी बदलायची. बदलता येते, मीही बदलतो. पण पाच साइट हलवायच्या म्हणजे दोन-तीन रविवार जातात आणि घरचे बोलतात. त्या रविवारांची किंमत ज्याने त्याने लावावी.

दुसरा मुद्दा कार्डाचा. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे, आपोआप पैसे कापायचे तर आधी ई-मँडेट (पैसे कापायची आगाऊ परवानगी) नोंदवावं लागतं. २०२२ पासून १५ हजारांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण मँडेट हवंच. परदेशी कंपन्यांकडे ही सोय असेलच असं नाही, त्यामुळे ‘ऑटो रिन्यू’ चालू दिसतं आणि पैसे कापलेच जात नाहीत. होस्टिंग बंद पडलं तर निदान कळतं तरी. डोमेन गेलं तर मोठी पंचाईत. डॉट कॉमचं असं असतं की मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात परत मिळतं, मग महिनाभर ‘रिडेम्प्शन’ चालतं तेव्हा भरमसाठ दंड, आणि शेवटी पाच दिवसांनी ते बाजारात मोकळं. डोमेनच्या तारखा कॅलेंडरात टाका, ऑटो रिन्यूवर विसंबू नका.

आणि डोमेन होस्टिंगवाल्याकडे फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. पहिलं वर्ष फुकट, पुढचं त्याच्या मनाला येईल त्या दराने. डॉट कॉमचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला, त्यावर इकानची (डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेची) किरकोळ फी. क्लाउडफ्लेअरसारखे काही जण घाऊक दरातच देतात. त्याच्या दीडपट कुणी मागितले तर ठीक, अडीचपट मागितले तर नमस्कार करा.

---

लष्करकर

ग्वाल्हेरहून नमस्कार. इतका खटाटोप करण्यापेक्षा सरळ व्हीपीएस (भाड्याचं स्वतंत्र आभासी मशीन) घ्या ना! डिजिटलओशनचं बंगळुरूत आहे, लिनोडचं आणि ॲमेझॉन लाइटसेलचं मुंबईत. महिन्याला पाच ते सात डॉलरमध्ये १ जीबी मेमरीचं अख्खं मशीन तुमचं. आयनोडची कटकट नाही, ५०८ नाही, शेजारी नाही. माझ्या चार साइट त्यावर सुखात नांदतायत.

---

टर्मिनल_ताई

लष्करकर, तुमचं सुखात आहे कारण तुम्हाला त्यातलं कळतं. मला एक सांगा, शेवपोहेंच्या मशीनवर सुरक्षेचे अपडेट कोण टाकणार? मध्यरात्री मायएसक्यूएलने मान टाकली तर उठवणार कोण? १ जीबीत पाच वर्डप्रेस, पीएचपी आणि डेटाबेस बसवायचे तर स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) लागते, पीएचपीचे वर्कर मोजून ठेवावे लागतात, नाहीतर मेमरी संपली की कर्नल (सिस्टिमचा गाभा) सगळ्यात जाड्या प्रोसेसला मारतं, आणि ती बहुधा डेटाबेसच असते.

पैशांचं म्हणाल तर ६ डॉलर गुणिले १२ म्हणजे ७२ डॉलर. डॉलर ९० ला धरला तर ६४८०, परदेशी सेवेवरही १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे साडेसात हजारांच्या वर. कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. बॅकअप हवा तर आणखी पैसे. बजेटच्या बाहेर गेलं.

शिकायची हौस असेल तर जरूर घ्या. नुसती साइट चालायला हवी असेल तर नको.

---

लष्करकर

डेटाबेस मरतो हे खरं आहे. 😄 गेल्या उन्हाळ्यात अनुभवलंय. पण मजा येते हो!

---

जुनी_इंदूर

प्रकाटाआ (प्रतिक्रिया काढून टाकली आहे).

---

फुकट्या_नं_१

आता माझं ऐका. शेवपोहे, होळकर संघ रणजी चार वेळा जिंकला, १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत. संघ विसर्जित झाला, कर्णधार सी. के. नायुडूही गेले. तो धावफलक आता बदलणार आहे का? मग त्या पानासाठी दर वेळी पीएचपी उठतं, डेटाबेसला विचारतं, तेच उत्तर आणतं, हे कशासाठी?

जे बदलत नाही ते साधं एचटीएमएल करून ठेवा. ‘सिंपली स्टॅटिक’ नावाचं प्लगइन आहे, ते वर्डप्रेसची अख्खी साइट एचटीएमएल फाइलींत काढून देतं. त्या फाइली गिटहब पेजेसवर किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर टाका. एसएसएल फुकट, हॅक व्हायला मागे काही उरतच नाही. जाताना फक्त शोध, प्रतिक्रिया आणि फॉर्म जातात. धावफलकांना यातलं काय लागतं?

झांक्यांचंही तेच. वर्षातून दोनदा फोटो चढणार, एकदा गेरनंतर, एकदा चतुर्दशीनंतर.

---

टर्मिनल_ताई

हे शंभर टक्के मान्य. थोडी भर घालते, कारण फुकटलाही अटी असतात.

गिटहब पेजेसवर साइट १ जीबीच्या आत ठेवायची आणि महिन्याला १०० जीबी वाहतुकीची सैल मर्यादा आहे. धावफलकांना हे आयुष्यभर पुरेल. झांक्यांना नाही पुरणार. एका फोटोची मोठी प्रत २५० केबी आणि यादीतली छोटी २५ केबी धरली तर साडेतीन हजारांचे साडेनऊशे एमबी आत्ताच होतात, पुढच्या वर्षी १ जीबी ओलांडली. क्लाउडफ्लेअर पेजेसवर वाहतुकीला मर्यादा नाही. तिथे फुकट खात्यात एका साइटला २० हजार फाइली आणि एक फाइल २५ एमबीच्या आत, इतकंच. दोन आकार धरून तुमच्या सात हजार फाइली. आरामात बसतात. मात्र ब्राउझरमधून ओढून टाकायची सोय हजार फाइलींपुरतीच आहे, त्यापुढे रँग्लर हे कमांड लाइनचं साधन वापरावं लागेल. एक संध्याकाळ लागेल, घाबरू नका.

फक्त फोटोंच्या साइटवर सिंपली स्टॅटिक आहे तसं चालवू नका. ते सगळे आठ-अकरा आकार उचलून आणेल आणि २० हजारांच्या पुढे जाल. आधी दोनच आकार ठेवा, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये काढा, मग पानं बनवा.

---

शेवपोहे

हे पटतंय. म्हणजे तीन साइट होस्टिंगमधून बाहेर. कुलवृत्तांतही त्यातच गेला ना? तोही कुठे रोज बदलतो. एखादं बारसं, एखादं लग्न, इतकंच.

---

टर्मिनल_ताई

थांबा! कुलवृत्तांत गिटहबवर नको.

फुकट खात्यात पेजेस फक्त सार्वजनिक रिपॉझिटरीवरून (फाइलींच्या साठ्यावरून) चालतात. म्हणजे साइटवर काही झाकलंत तरी मूळ फाइली जगाला उघड्या, आणि त्यांचा सगळा इतिहासही. आज एखाद्या वहिनींची जन्मतारीख काढली तरी कालच्या कमिटमध्ये (जतन झालेल्या आवृत्तीत) ती आहेच. कुलवृत्तांतात हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, माहेरची आडनावं असतात. बँकेचा माणूस फोनवर ओळख पटवायला हेच तर विचारतो.

क्लाउडफ्लेअर पेजेसवर ठेवून पुढे ‘ॲक्सेस’ लावता येतं. ५० जणांपर्यंत फुकट आहे. ज्यांचे ईमेल पत्ते यादीत घातलेत त्यांनाच ईमेलवर आकडा येतो, तो टाकला की आत. लावताना तपासा की पेजेसने आपोआप दिलेल्या पत्त्यालाही ते लागलंय, नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं.

---

शेवपोहे

आमच्या घराण्यात पन्नासच्या वर माणसं आहेत, आणि त्यातल्या निम्म्या काका-आत्यांना ईमेल म्हणजे नातवाकडे असतो तो.

---

टर्मिनल_ताई

मग सोपं करा. कुलवृत्तांत होस्टिंगवरच एचटीएमएल करून ठेवा आणि सीपॅनेलमध्ये त्या फोल्डरला एकच पासवर्ड लावा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तो सांगून टाका. आत फक्त नाव, नातं, गाव. तारखा आणि पत्ते ज्याच्या त्याच्या वहीत. भक्कम सुरक्षा नव्हे ही, पण गूगलमध्ये तर येणार नाही.

---

कुतूहल

एक बाळबोध प्रश्न. सगळ्या वर्डप्रेस एकाच खात्यात ठेवल्या तर बिघडतं काय? प्लॅन तर तेच सांगतात, शंभर साइट एका खात्यात.

---

टर्मिनल_ताई

बाळबोध नाही, या धाग्यातला हाच सगळ्यात कळीचा प्रश्न आहे.

एका सीपॅनेल खात्यात सगळ्या साइट एकाच लिनक्स युजरच्या मालकीच्या असतात. फोल्डर वेगळे, मालक एकच. एका साइटवरचं जुनं प्लगइन फुटलं आणि कुणी आत एक पीएचपी फाइल टाकली, की ती फाइल त्या युजरचे सगळे अधिकार घेऊनच चालते. शेजारच्या फोल्डरमधली डब्ल्यूपी-कॉन्फिग ती वाचू शकते, त्यात डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. मग पाचही साइट गेल्या.

एका ओळखीच्यांची अशी साइट साफ केली होती. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये, फोटोंच्या मधोमध, एक फाइल. नाव एखाद्या फोटोचं असावं तसं, पण शेवटी डॉट पीएचपी. आत एकच ओळ, पण हातभर लांब, बेस ६४ या सांकेतिक रूपात गुंडाळलेली. ती पुसली की दुसऱ्या दिवशी परत. कारण ती मूळ नव्हतीच, मूळ शेजारच्या साइटमध्ये बसलं होतं. चार वर्षांपूर्वी ‘करून बघू’ म्हणून टाकलेल्या आणि विसरलेल्या एका चाचणीच्या वर्डप्रेसमध्ये. तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

बहुतेक वेळा रोग तिथूनच येतो, चालत्या साइटवरून नाही. सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘टेस्ट’, ‘न्यू’, ‘ओल्ड’ असे फोल्डर दिसतायत का बघा. आजच बघा. अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही अशी चार ओळींची एचटीॲक्सेस फाइल टाकून ठेवा. आणि पीएचपीची आवृत्तीही तपासा : ७.४ चा आधार २८ नोव्हेंबर २०२२ ला संपलाय, तरी अजून त्यावर चालणाऱ्या साइट रोज दिसतात.

प्लॅन निवडताना याचा अर्थ असा की ‘एका खात्यात शंभर साइट’ यापेक्षा ‘दोन वेगळी खाती’ देणारा छोटा प्लॅन चांगला. काही भारतीय कंपन्या छोटे रिसेलर प्लॅन देतात, त्यात प्रत्येक साइटला स्वतंत्र सीपॅनेल मिळतं.

---

शेवपोहे

बघितलं. ‘ओल्ड२’ नावाचा फोल्डर निघाला. आत वर्डप्रेस ४.९.

---

टर्मिनल_ताई

डाउनलोड करून, तपासून, उडवा. या क्रमाने.

---

मांडवीचा_बडोदेकर

साइट हलवण्याआधी मराठी ब्लॉगवाल्यांसाठी एक खास सूचना, कारण इंग्रजी लेखांत हे सापडत नाही.

देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये तीन बाइटचं. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटचं टक्क्याचं चिन्ह अधिक दोन खुणा असं रूप होतं, म्हणजे एका अक्षराला नऊ जागा. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्याचा रकाना २०० जागांचा. २०० भागिले ९, म्हणजे फक्त २२ अक्षरं, आणि काना-मात्रा-हलन्त प्रत्येकी वेगळे मोजले जातात. म्हणून ‘सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याबद्दल थोडंसं’ अशा शीर्षकाचा पत्ता दुसऱ्या शब्दानंतरच तुटतो. सारख्या सुरुवातीची दोन शीर्षकं असली तर दुसऱ्याला शेवटी ‘-२’ लागतं.

हे चालू असताना कळत नाही. हलवताना कुणी हौसेने सगळे पत्ते नीट करायला गेलं की जुने दुवे मेले. जुन्या लेखांचे पत्ते तुटके आहेत तसेच राहू द्या. नवीन लेखांना छोटा रोमन पत्ता हाताने द्या.

आणि डेटाबेस नेताना दोन्हीकडे यूटीएफ-८-एमबी-४ (यूटीएफ-८ चं पूर्ण रूप) आहे का ते पाहा. २०१५ च्या आधीचा ब्लॉग असेल तर नक्कीच पाहा, नाहीतर नव्या जागी ‘नमस्कार’च्या जागी ‘à¤’ छापाचा कचरा दिसेल. तसं दिसलं तर हाताने दुरुस्त करू नका, परत पहिल्यापासून आणा.

अवांतर : आमच्या बडोद्याच्या एका ज्येष्ठांचे लेख कृतीदेव फाँटात आहेत. त्यांना आधी युनिकोडमध्ये आणा, होस्टिंग नंतर.

---

शेवपोहे

तर आता असं ठरवतोय. धावफलक गिटहबवर. झांक्या क्लाउडफ्लेअरवर. कुलवृत्तांत, ब्लॉग आणि पेटीचे वर्ग होस्टिंगवर, पण ब्लॉगला वेगळं सीपॅनेल आणि बाकी दोघांना वेगळं. कुलवृत्तांत साधं एचटीएमएल, त्यामुळे वर्डप्रेस दोनच उरल्या. एका भारतीय कंपनीचा छोटा रिसेलर प्लॅन दिसला, सर्व्हर मुंबईत, पाच खाती, आयनोड प्रत्येकी लाख, आणि नूतनीकरणाचा दर पहिल्या वर्षाइतकाच, असं चॅटवर लेखी दिलं. जीएसटी धरून साडेचार हजारांच्या आत बसतंय. एकदम चार वर्षांचं भरत नाही, वर्षाचंच भरतो.

---

लष्करकर

उत्तम. पेटीच्या फॉर्मचं ईमेल स्पॅममध्ये जाणार बघा आता. शेअर्ड सर्व्हरवरून पीएचपीने पाठवलेलं पत्र गूगल संशयानेच बघतं. एसएमटीपीचं (ईमेल पाठवायच्या सेवेचं) प्लगइन टाकून खऱ्या खात्यातून पाठवा, आणि एसपीएफ, डीकेआयएम (पत्र खरंच तुमचं आहे हे पटवणाऱ्या) या नोंदी डीएनएसमध्ये (डोमेन कुठे जातं त्या यादीत) घाला. प्रवेशाचा अर्ज स्पॅममध्ये पडून राहिला आणि मूल दुसऱ्या वर्गाला गेलं तर वहिनी तुम्हालाच विचारतील.

---

रामबाग

ताई, मंडळाच्या डोमेनचं विचारलं. त्याच्याच नावावर होतं. मंडळाच्या ईमेलवर करून देतो म्हणाला, चहा पाजून. माणूस भला आहे.

---

टर्मिनल_ताई

@रामबाग, छान झालं. बदल झाल्यावर ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे न्यायचा परवलीचा कोड) मागून बघा, तो मिळाला म्हणजे खरंच तुमच्या हातात आलं. नोंदणीची माहिती बदलल्यावर काही ठिकाणी दुसरीकडे न्यायला ६० दिवसांची बंदी लागते, तेवढं धरून चाला.

@शेवपोहे, हलवायचा क्रम. डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) आदल्या दिवशी ३०० वर आणा. नव्या जागी साइट चढवा, डोमेनला हात लावू नका. तुमच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी लिहा, म्हणजे फक्त तुम्हाला नवी साइट दिसेल, जगाला जुनीच. फॉर्म भरून बघा, एखादी प्रतिक्रिया टाका, सर्वात जुना लेख उघडा. मग डीएनएस बदला. होस्ट्समधली ओळ काढायला विसरू नका. जुनं होस्टिंग मुदत संपेपर्यंत चालू ठेवा, मुद्दाम रद्द करू नका.

---

शेवपोहे

शेवटची शंका. झांक्यांचं डोमेन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता उघडायला हवंय, त्यासाठी क्लाउडफ्लेअर नेमसर्व्हर बदलायला सांगतंय. पण त्याच डोमेनवर माझा एक ईमेल पत्ता आहे, होस्टिंगवरचाच. तो बंद पडेल का?

---

टर्मिनल_ताई

नेमसर्व्हर बदलले की डीएनएसच्या सगळ्या नोंदी तिथून वाचल्या जाणार. क्लाउडफ्लेअर जुन्या नोंदी स्वतः शोधून आणतं, पण सगळ्या सापडतातच असं नाही, डीकेआयएमची हमखास राहते. बदलण्याआधी सीपॅनेलच्या झोन एडिटरचा स्क्रीनशॉट घ्या आणि एमएक्स (पत्रं कुठे पोचवायची ती नोंद), एसपीएफ, डीकेआयएम एकेक ताडून बघा. ‘मेल’ नावाची जी नोंद असेल तिच्यापुढचं ढगाचं चिन्ह राखाडी (म्हणजे क्लाउडफ्लेअर मध्ये न येता) ठेवा, नारिंगी ठेवलंत तर पत्रं येणार नाहीत. आणि ईमेलचं खातं जुन्या होस्टिंगवर असेल तर त्यातली पत्रं आयमॅपने आधी नव्या जागी ओढून घ्या.

एकाच पत्त्यासाठी एवढं नको असेल तर क्लाउडफ्लेअरचं ईमेल राउटिंग लावा, आलेलं पत्र सरळ जीमेलला जातं, फुकट आहे. उत्तर मात्र त्या पत्त्यावरून पाठवता येत नाही.

---

शेवपोहे

उत्तर पाठवत नाहीच मी त्यावरून. राउटिंग लावतो. झोन एडिटरचा स्क्रीनशॉट घेतला, एमएक्सच्या दोन नोंदी दिसतायत, एक कधीच्या काळच्या कंपनीची.

---

टर्मिनल_ताई

दोन्ही काढून टाका. राउटिंग चालू करताना ते नवीन तीन स्वतः घालेल.